सिस्टरांचं पोट्टं

"मारा बुक्की," एवढंच म्हणून सिस्टरांनी माझी आणि त्या झाडाची ओळख करून दिली.

आम्ही लंडनच्या कडेला पिनरला राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. आमच्या रस्त्याच्या टोकाला पार्क आहे आणि पार्कात एक झाड आहे. त्याचा शेंडा बघायचा तर मान इतकी मागे न्यावी लागते की डोक्यावरची टोपी पडते. माझी पडली. उचलायला वाकलो तर समोर पांढरे बूट दिसले, बुटांवर सुती साडी, साडीवर मरून कार्डिगन आणि कार्डिगनला उलटं टांगलेलं घड्याळ.

"मराठी काय?" बाईंनी विचारलं.

कसं ओळखलंत म्हटलं, तर टोपी पडल्यावर मी जे म्हणालो ते दुसऱ्या कुठल्या भाषेत म्हणत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मग झाडाकडे बोट दाखवून, बुक्की मारा.

आता परका देश, कौन्सिलचं म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं झाड आणि मी वर्क व्हिसावर. मी इकडेतिकडे बघितलं.

"घाबरून काऊन राहिले? मारा."

मारली. हात दुखला नाही. साल वीतभर जाड आणि गच्च भरलेल्या उशीसारखी मऊ. मूठ जराशी आत गेली आणि साल पुन्हा होती तशी झाली. मुलगी झाली हो, असं सांगायला बाहेर येणाऱ्या नर्सचा चेहरा असतो, तसा सिस्टरांचा चेहरा झाला होता. म्हणाल्या, "बघा. एवढा मोठा झाला, पण अंगात अकड नाही."

पार्कात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला त्या बुक्की मारायला लावत. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही लावली. आमच्या भागातल्या चर्चच्या पाद्र्यांनी इतकी हळू मारली की ती बुक्की होती की आशीर्वाद, यावर सिस्टरांना बरेच दिवस शंका होती.

त्यांचं नाव मला माहीत होतं, पण ते वापरायची वेळ कधी आली नाही. हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर म्हणून त्या निवृत्त झाल्या आणि रस्त्यावर सिस्टर म्हणूनच रुजू झाल्या. मराठी माणसं सिस्टर म्हणत, गुजराती म्हणत, इंग्रजही म्हणत. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं पद निवृत्तीनंतरच खरं सुरू होतं. कुणाला ताप आला की आधी सिस्टर, मग डॉक्टर. डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत बहुतेक ताप सिस्टरांनीच उतरवलेले असत.

मूळच्या नागपूरच्या. तरुणपणी नर्सिंग करून इकडे आल्या, इथेच लग्न झालं, नवरा लवकर गेला, एका मुलाला एकटीने वाढवलं. तो आता एडिनबराला हॉस्पिटलात नोकरीला. खिडकीत बुद्धाची छोटी मूर्ती, एप्रिलात बाबासाहेबांची जयंती आली की त्याच खिडकीत निळ्या दिव्यांची माळ. त्या दिवशी आमच्याकडे खिरीचं पातेलं यायचं. सिस्टर दारात "जयभीम" म्हणायच्या आणि मी सदाशिव पेठेतल्या सवयीने "नमस्कार" म्हणायचो. दोनतीन वर्षांनी माझ्याही तोंडून आपोआप "जयभीम" निघालं, तेव्हा त्या पातेलं घेऊन परत घरी गेल्या आणि आणखी दोन डाव खीर घालून आल्या.

पुण्याहून कुणी पाहुणे आले की राणीचा राजवाडा दाखवण्याआधी मी त्यांना ते झाड दाखवायचो, स्वतः लावल्यासारखं. "हे जगातलं सर्वांत उंच झाड बरं का," मी म्हणायचो, आणि मागच्या बाकावरून आवाज यायचा, "उंच नाही. मोठा."

हा फरक त्यांनी मला किती वेळा समजावला असेल. उंच तो याचा भाऊबंद. तो तिकडे कॅलिफोर्नियात समुद्राच्या बाजूला, धुक्यात वाढतो. जगात त्याच्याहून उंच काही उगवत नाही. हा डोंगरातला. उंचीला त्याच्यापेक्षा कमी, पण अंगापिंडाने याच्या जवळ पोचेल असं झाड पृथ्वीवर नाही. आमच्या घरात बायको पहिल्या प्रकारातली आणि मी दुसऱ्या, असं त्यांनी म्हटल्यावर मात्र मी ते कधी विसरलो नाही. आणि आमच्या पार्कातला तर अजून लहानच. कुणा जुन्या जमीनदाराने हौसेने लावलेला, दीडेकशे वर्षांचा.

"बुद्ध जन्मला तेव्हा तिकडचे काही चांगले वाढलेले होते," सिस्टर म्हणायच्या. "ते अजून उभे आहेत. हा आपला बालवाडीत आहे."

बालवाडीतल्या त्या झाडाला त्या थोरला म्हणत. का म्हणत, ते नंतर कळलं.

इंग्लंडातल्या पहिल्या हिवाळ्यात त्यांच्याशी बोलणारे फक्त पेशंट होते, आणि त्यांचंही ताप उतरला की बोलणं बंद व्हायचं. ड्यूटी संपली की खोलीवर जायचं आणि भिंत बघायची. एकदा चुकीच्या स्टॉपला उतरल्या आणि या पार्कात शिरल्या. कुणी तरी सांगितलं की हे झाड इथलं नाही, बाहेरून आणलेलं आहे. मग त्यांनी ठरवलं, हा आपल्या आधी इथे आलेला, म्हणजे थोरला; बसायचं तर याच्यापाशी. पुढे घर घ्यायची वेळ आली तेव्हा नवऱ्याने हॉस्पिटलजवळचं पाहिलं होतं, यांनी झाडाजवळचं घेतलं.

एक गोष्ट मात्र त्यांना सलत होती. थोरल्याच्या खाली कोंबडीच्या अंड्याएवढी फळं पडत, लाकडी, खवल्याखवल्यांची. त्यात बी असे. पण इतक्या वर्षांत खाली एक रोप उगवलं नव्हतं. तिकडे जंगलात वणवा लागतो, त्या आचेने फळं उघडतात, राखेत बी रुजतं. इथे कुठला वणवा? इथे गवत कापायचं यंत्र.

"इथे जगते, वाढते, पण याचं पोट्टं काही इथे होत नाही," त्या म्हणाल्या. "एक तरी व्हायला पायजे. माझ्यासमोर."

मला तेव्हा वाटलं, निवृत्त माणसाचा छंद आहे. असू दे.

छंद आमच्या फ्रिजपर्यंत आला. सिस्टर फळं गॅसच्या मंद ओव्हनमध्ये ठेवत. ती उकलली की बी झटकून घेत. मग त्या बियांना हिवाळा भासवायला आठवडेच्या आठवडे गारठ्यात ठेवावं लागे. एकाच फ्रिजवर त्यांचा विश्वास नसल्याने रस्त्यावरच्या प्रत्येक ओळखीच्या घरी त्यांनी औषधाच्या छोट्या डब्या वाटल्या होत्या. जगातल्या सर्वांत मोठ्या झाडाचं बी केवढं असतं, सांगू? चपटं, पिवळसर, ओव्याच्या दाण्याहून फार मोठं नाही. हे मला इतकं नेमकं माहीत आहे, कारण एका पावसाळी रविवारी बायको बाहेर गेलेली असताना मी कांदाभजी केली आणि ओवा म्हणून ती डबी पिठात रिकामी केली.

सिस्टरांना सांगायला मी तोंड पाडून गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, भजी कशी झाली होती? बरी झाली होती, थोडी लाकडी लागत होती. "पोटात उगवलं तर सांगा," त्या म्हणाल्या. "कौन्सिलला कळवावं लागते."

दुसऱ्यांच्या फ्रिजांनी मात्र साथ दिली. रोपं यायची आणि बुडाशी काळी पडून माना टाकायची. वर्षामागून वर्षं गेली. शेवटी दह्याच्या डब्यातलं एक टिकलं. शेवयांच्या तुकड्यासारखं होतं, त्याचं बोटभर झालं, मग बादलीत गेलं, मग मोठ्या कुंडीत. आम्ही त्याला "रोप" म्हणायचो, त्या "पोट्टं" म्हणायच्या. आमच्या पुणेरी कानांना तो शब्द आधी शिवीसारखा लागला. नंतर आमची मुलगीही तेच म्हणायला लागली.

पोट्टं कमरेएवढं झालं, तेव्हा सिस्टरांचा खुबा दगा देऊ लागला. मुलगा फोनवर फोन करायचा की घर विक आणि इकडे ये. सिस्टरांनी त्याला अट घातली: आधी पोट्टं पार्कात, मग मी एडिनबरात. कौन्सिलात झाडांचं बघणारी एक तरुण बाई होती. एवढ्या मोठ्या होणाऱ्या झाडाला जागा द्यायला ती कचरत होती, पण सिस्टरांनी तिलाही थोरल्याला बुक्की मारायला लावली होती. थोरल्यापासून बऱ्याच अंतरावर, उताराला तिने जागा दिली आणि एक अट घातली. पहिले तीन उन्हाळे पाणी घालायची जबाबदारी इथल्या रहिवाशांची. तोवर मुळं खोल जात नाहीत. एका उन्हाळ्यात जरी कोरडं पडलं, तरी संपलं.

"मला काही त्याला मोठं झालेलं बघायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "कोण बघणार आहे? तीन उन्हाळे निघाले म्हणजे झालं. मग तो जाणे आणि त्याचं नशीब."

पोट्टं नोव्हेंबरात जमिनीत गेलं. पहिला उन्हाळा सिस्टरांनी काठी टेकत स्वतः काढला.

त्याच उन्हाळ्यात वटपौर्णिमा आली. पिनरमध्ये वड नाही. काही वर्षं आमच्या मराठी मंडळातल्या बायका कुंडीतल्या फांदीवर भागवत होत्या. मग माझ्या बायकोनेच टूम काढली की आयुष्य मागायचं तर जो हजारो वर्षं जगतो त्याच्याकडे मागावं. तर्क बिनतोड होता. बायका नटूनथटून थोरल्याकडे गेल्या, सुताचं रीळ सोडलं, आणि घेर एवढा की तिसऱ्या फेऱ्यालाच रीळ संपलं. बाकावर सिस्टर बसल्या होत्या. त्या हे असलं काही मानत नसत आणि मानत नाही हे लपवतही नसत. शिवाय दोऱ्यात पाखरांचे पाय अडकतात म्हणून बायका गेल्यावर तो कापून टाकायला ड्रेसिंगची कात्री त्यांनी बरोबरच आणली होती.

"आणखी रीळ आणू काय घरून?" त्यांनी विचारलं. बायका हसल्या. मग सिस्टर म्हणाल्या की याला दोरा गुंडाळून याचं काही वाढत नाही, तुमचंही वाढत नाही. ते पोट्टं मात्र तहानलेलं आहे. जेवढे फेरे राहिले, तेवढ्या बादल्या घाला.

 मग माझी बायको पैठणी खोचून नळाकडे गेली. तिच्यामागे बाकीच्या गेल्या. नवऱ्यांनाही बादल्या धरायला लावल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या व्रताचा आपल्या प्रकृतीला प्रत्यक्ष उपयोग होतोय.

तिथेच मी पुढाकार घेतला. सिस्टर शरदात एडिनबराला जाणार, तर पुढच्या उन्हाळ्याचं पाण्याचं वेळापत्रक आपण करू. आयटीतला माणूस मी. घरी बसून एक्सेलमध्ये रंगीत तक्ता केला. प्रत्येक आठवड्याला एक कुटुंब, कुटुंबाला एक रंग. सिस्टरांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"इंग्रज कोणी नाही यात?" त्यांनी विचारलं.

मी छाती पुढे काढून म्हणालो की कशाला, आपली माणसं भरपूर आहेत. सिस्टर "हं" म्हणाल्या आणि तक्ता पर्समध्ये ठेवला.

दुसरा उन्हाळा असा आला की पिनरचं गवत पार खाकी झालं. नळी लावून पाणी घालायला बंदी आली, बादलीला परवानगी होती. मे, जून, अर्धा जुलै तक्ता घड्याळासारखा चालला. मी मोबाइलवर रंग बघून खूश व्हायचो. मग आम्ही सुट्टीला पुण्याला आलो. कोथरूडला बहिणीच्या गॅलरीत बसलो होतो, बाहेर सारखी रिपरिप चालू होती, हातात चहा. सहज ग्रुपवर विचारलं, या आठवड्यात पाण्याला कोण?

उत्तरं यायला लागली. एक कुटुंब नाशिकला होतं. त्यांनी अदलाबदल करून आठवडा सांगलीवाल्यांना दिला होता. सांगलीवाले सांगलीत होते. त्यांना वाटलं होतं की आम्ही आहोत. एकाने अलिबागच्या किनाऱ्यावरून सोलकढीच्या ग्लासाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, मी तर धरून चाललो होतो की नागपूरवाले तिथे असतील. नागपूरवाले नागपुरात. तक्त्यातला एकूण एक रंग अरबी समुद्राच्या या बाजूला होता.

बायको म्हणाली, "अरे, तिथल्या सगळ्या शाळांना सुट्टी एकदमच लागते. सगळे एकदमच निघतात. हे तुझ्या त्या एक्सेलला माहीत नव्हतं?"

मुलगी शेजारी होती. ती तिकडेच जन्मलेली. "बाबा, झाड मेली का?" तिने विचारलं. एरवी मी तिचं मराठी सुधारतो.

सिस्टरांना कळवायला ग्रुपवर कुणी पुढे येईना. शेवटी मीच एडिनबराला फोन लावला. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन थोडेच महिने झाले होते. मी आडवळणाने सुरुवात केली: हवा कशी आहे, मुलगा कसा आहे. त्यांनी मला तोडलं आणि पेशंटच्या नातेवाइकाला विचारावं तसं विचारलं, पाणी कधीपासून नाही? मी सांगितलं. 

"चावी कोणाकडे ठेवली?" मग त्या म्हणाल्या.

"कसली चावी?"

"तुमच्या घराची. माझं तर विकलं ना मी."

मुलाने खूप समजावलं म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ट्रेनने त्या निघाल्याच. संध्याकाळी माझ्या फोनवर एक फोटो आला, पोट्ट्याचा. खालच्या फांद्या चहाच्या चोथ्याच्या रंगाच्या झाल्या होत्या.  मी पावसात गॅलरीत उभा राहून तो फोटो मोठा करून बघत होतो. कुठे हिरवं दिसतं का, एवढंच.

पुढची हकीकत मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळली. बादली काही त्यांना उचलवत नव्हती. दुधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या भरायच्या, चाकांच्या भाजीच्या पिशवीत ठेवायच्या आणि ती ओढत पार्कात जायचं, असं त्यांनी सुरू केलं. पण उन्हाळा त्या पिशवीला दाद देणारा नव्हता. मग त्या पोट्ट्याजवळच्या बाकावर बसल्या आणि पार्कात कुत्रं घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला अडवू लागल्या. तुमचं कुत्रं रोज इथल्या झाडांना आपल्या परीने काही ना काही देतं, तुम्ही काय आणलंय, असं त्यांनी एका इंग्रज आजोबांना विचारलं. आजोबांच्या कुत्र्याचं नाव बिस्किट. आजोबा घरी गेले आणि बाटली भरून घेऊन आले. सिस्टरांनी त्यांना दुसऱ्या दिवशीची वेळ देऊन टाकली.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही परतलो. घरात शिरलो तर मसाल्याचे डबे वेगळ्या क्रमाने लागले होते आणि ओव्याच्या डबीवर मोठ्या अक्षरात "ओवा" असं लिहून चिकटवलेलं होतं. सिस्टर घरात नव्हत्या. बॅगा तशाच टाकून आम्ही पार्कात गेलो. पोट्ट्याभोवती सात-आठ माणसं उभी होती, हातात बाटल्या, पायाशी कुत्री. एकही ओळखीचं मराठी तोंड नव्हतं. सिस्टर बाकावरून काठीने दाखवत होत्या, बुडाशी नको, जरा लांब घाला, मुळं तिथे आहेत.

पोट्टं खालून अर्धं वाळलं होतं. वरचा भाग हिरवा होता.

मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. काय बोलायचं ते विमानात पाठ केलं होतं. बोलल्या त्याच.

"खालचं गेलं. वरचा कोंब जिता आहे. तो असला म्हणजे पुरे."

मी तक्त्याबद्दल काही तरी पुटपुटलो.

"तक्ता चांगलाच होता, भाऊ," त्या म्हणाल्या. "फक्त सगळी आपलीच होती त्यात. आपलीच घेतली की सगळी एकदम गावाला जातात." मग बिस्किटच्या आजोबांकडे बघून, "हे कुठे जाऊन राहिले? यांचं गाव हेच आहे."

चार दिवसांनी आम्ही त्यांना ट्रेनमध्ये बसवून दिलं. डब्यात बसल्यावरही त्या बायकोला सांगत होत्या की सप्टेंबर कोरडा गेला तर थांबू नका.

त्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. मुलाने फोन केला. आम्ही एडिनबराला गेलो, तेव्हा तो म्हणाला की आईच्या फोनवर एडिनबराचं हवामान कधी लावलेलंच नव्हतं. रोज सकाळी उठून पिनरला पाऊस आहे का, ते बघायची. एडिनबरात धो धो कोसळत असलं तरी पिनरचं बघून म्हणायची, आज कोरडं आहे. बिस्किटच्या आजोबांनी आमच्याबरोबर एक कार्ड पाठवलं होतं. त्यात फक्त, पाणी चालू आहे, असं लिहिलं होतं.

तिसऱ्या उन्हाळ्याचा तक्ता मी केला नाही. आजोबांनी केला. कागदावर, पेन्सिलीने, आणि आम्हा मराठी मंडळींना त्यांनी जून आणि सप्टेंबर दिले. वटपौर्णिमेला बायका सरळ बादल्या घेऊनच आल्या. सुताचं रीळ कुणी आणलं होतं की नाही, मी विचारलं नाही. उन्हाळा बरा होता, अधूनमधून पाऊस झाला, पण बाटल्या काही कमी झाल्या नाहीत. पोट्टं माझ्या खांद्याला आलं, मग डोक्यावर गेलं.

सप्टेंबरच्या अखेरीस कौन्सिलची ती बाई आली. आधाराचे खांब तिने उपटले, रबरी पट्टे सोडले, खोड धरून सगळ्या बाजूंनी हलवून बघितलं. मग म्हणाली, झालं. आता पाणी देऊ नका. वरून मिळत राहिलं तर मुळं वरच राहतील. आता त्याचं त्याला खाली जाऊन शोधू द्या.

 बायकोने डोळे पुसले. मुलीने झाडाचा फोटो काढला, आणि तो पाठवायचा कुणाला, म्हणून फोन तसाच हातात धरून उभी राहिली. मग तो तिने सिस्टरांच्या मुलाला पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिकडून जात होतो, तर आजोबा बाटली घेऊन हजर. काल ते दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते, त्यांना कळलंच नव्हतं. मी सांगितलं की आता पाणी बंद. त्यांनी झाडाकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. मग बाकावर बसले, झाकण उघडलं, थोडं पाणी बिस्किटला ओंजळीतून पाजलं, थोडं स्वतः प्याले आणि बाटली माझ्यापुढे केली. मीही प्यालो. चांगलं ऊन पडलं होतं. पोट्ट्याची सावली जेमतेम बाकाच्या, सिस्टर बसायच्या त्या टोकावर येत होती, एका माणसापुरती. आम्ही दोघेही तिथून थोडे बाजूला सरकून बसलो.